थोरली, मधली आणि धाकटी

मैत्रिणींनो, तुम्हांला मुलं किती असं कुणी विचारलं, तर तुम्ही पटकन एक किंवा दोन म्हणून मोकळ्या होता. मी मात्र क्षणभर घुटमळते. आमचा मुलगा एकच. पण त्याच्याखेरीज घरात आणखी तिघीजणी आहेत. त्यांना वेळेवर आणि बेतानंच खायला घालावं लागतं, उन्हात ठेवून चालत नाही, आणि मध्येच पाठ फिरवली तर जिवाला घोर लागतो. थोरली, मधली आणि धाकटी. हसू नका हं, या तिन्ही विमानाच्या बॅटऱ्या आहेत!

म्हणजे खऱ्या विमानाच्या नव्हेत. आमचे 'हे' बँकेत आहेत. आठवडाभर दुसऱ्यांचे पैसे मोजतात आणि रविवारी पहाटे उठून रिमोटचं विमान उडवायला सोलापूरच्या बाहेर जातात. सुगी संपून ज्वारी निघाली की रानं मोकळी होतात, तो त्यांचा मोसम. विमान थर्माकोलसारख्या हलक्या फोमचं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा मीटरचे. लग्नात मला सांगण्यात आलं होतं, की मुलाला कसलंही व्यसन नाही. ते खरंच होतं. विमान नंतर आलं.

या विमानाच्या पोटात जी बॅटरी बसते, तिला लिथियम पॉलिमर म्हणतात. बाजारात मुलं नुसतं 'लायपो' म्हणतात. अंगाच्या साबणाच्या वडीपेक्षा थोडी लांब, वजन पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. वरचं प्लॅस्टिक बाजूला केलं, तर आत चांदीसारख्या चकचकीत तीन चपट्या पिशव्या एकीवर एक रचलेल्या. हे तिचे तीन सेल. घड्याळाच्या सेलसारखं लोखंडी कवच नाही, काही नाही. नखानं दाबलं तरी खड्डा पडेल इतकं नाजूक अंग. आणि अंगात ताकद अशी, की सव्वा मीटरचं विमान सरळ आभाळात उभं चढतं. तुमच्या-आमच्या मोबाइलमध्येही याच घराण्यातली बॅटरी असते. पण तिच्यावर राखण करणारं छोटं सर्किट असतं, जादा भरली की ते थांबवतं, फार रिकामी झाली की बंद करतं. विमानाच्या बॅटरीला बहुधा असा राखणदार नसतो. राखण आपणच करायची.

हे सगळं मी आज ऐटीत सांगते आहे. दीड वर्षापूर्वी मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी बी. ए. झाले ती इतिहास घेऊन. शाळेत अर्धवेळ शिकवते ते इतिहास आणि मराठी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला, असं मी अभिमानानं सांगत असे. बॅटऱ्या दिवाणाखालच्या खोक्यात असायच्या. रात्री झोपताना 'हे' त्या चार्जिंगला लावायचे आणि सकाळी काढायचे. केर काढताना मी त्या पायानं आत सरकवायची. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या मार्चमधल्या रविवारी ह्यांना एका लग्नाला जावं लागलं. चिरंजीव सातवीत. गल्लीतल्या एका मोठ्या मुलाबरोबर विमान घेऊन जाऊ का, म्हणून मागे लागला. मी परवानगी दिली. दहाच्या सुमारास तो परत आला, विमान पलंगावर ठेवलं, "भूक नाही" म्हणाला आणि पुस्तक घेऊन बसला. आमचा मुलगा रविवारी आपण होऊन पुस्तक घेऊन बसतो, इथंच खरं तर मला शंका यायला हवी होती. पण मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात होते.

अकरा-सव्वाअकराला सासूबाई आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या होत्या, तिथून त्यांची हाक आली, "अगं, नेलपॉलिश सांडलंय का कुठं?" मी म्हटलं, "नाही हो आई." आणि गेले तशी मलाही वास आला. गोडसर, नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा, जरा घशात बसणारा. मी ड्रेसिंग टेबल पाहिलं, मोरी पाहिली. कपाटाशी गेले तर आतून बारीक 'सुर्रर्र' असा आवाज. कुकरची शिटी यायच्या आधी येतो ना, अगदी तसा. दार उघडलं. खालच्या खणातल्या चादरींच्या थप्पीतून पांढरा धूर येत होता.

पुढचं मी जे केलं, ते तुम्ही मुळीच करू नका. मी ती थप्पीच्या थप्पी दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या अंगणात धावले. उंबऱ्याच्या बाहेर फेकते न फेकते तोच भडका उडाला. साधासुधा नव्हे, गॅसच्या मोठ्या शेगडीसारखा, आवाज करत. तीन सेल होते ना, तर तीन वेळा. माझ्या माहेरच्या दोन सोलापुरी चादरी गेल्या, अंगणातली तुळस एका बाजूनं करपली, आणि उजव्या तळहाताला फोड आला. आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता, तर ते कपाट आणि त्या कपाटापासून तीन हातांवर झोपलेल्या सासूबाई... मी तो विचार अजूनही पुरा करत नाही.

पोरगा दारात उभा होता. पांढराफटक. विमान नाकावर आपटलं होतं, बॅटरी पुढे सरकून मोटारीच्या लाकडी फळीवर आदळली होती आणि तिचा कोपरा चेपला होता. त्यानं ती चादरींच्या मध्ये लपवली.

"मला सांगितलं का नाहीस रे?"

"तू ओरडशील म्हणून."

मैत्रिणींनो, त्या फोडापेक्षा मला हे जास्त भाजलं. मागच्याच महिन्यात विमानाचा पंख मोडला होता, तेव्हा मी त्याला पैशांवरून भरपूर बोलले होते. एक बॅटरी दोन हजारांच्या घरात जाते, पैसे झाडाला लागत नाहीत, वगैरे वगैरे. तुम्हीही कधीतरी बोलला असाल. पोरानं ते नीट लक्षात ठेवलं होतं.

संध्याकाळी 'हे' आले. मी सांगून टाकलं, की उद्याच्या उद्या हे सगळं घराबाहेर काढायचं. ह्यांनी एक शब्द उलट बोलला नाही. नुसते करपलेल्या तुळशीकडे बघत बसले, आणि त्या गप्प बसण्याचाच मला जास्त त्रास झाला. शेवटी बोलल्या त्या सासूबाई. "मी सोळा वर्षांची होऊन या घरात आले तेव्हा वातीचासुद्धा नाही, पंपाचा स्टोव्ह होता. पिन कधी मारायची, पंप किती मारायचा, रॉकेल कधी घालायचं, हे सासूनं शिकवलं म्हणून जगले. शेजारची एक नाही जगली. स्टोव्ह होता तोवर तो कसा पेटवायचा ते शिकावंच लागतं. तू शिक्षक आहेस ना?"

आता यावर काय बोलणार! बॅटरीबरोबर आलेला बारीक अक्षरांतला कागद मी त्या रात्री चष्मा लावून पहिल्यांदा वाचला. पुढचे दोन महिने वाचतच होते.

पहिली गोष्ट भरण्याची. एका सेलमध्ये पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतात. त्याच्यावर थेंबभरसुद्धा नको. खाली ३ व्होल्टच्या आत गेला, की तो कायमचा अधू होतो. तीन सेलची मिळून बॅटरी भरली की १२.६ व्होल्ट. पण नुसती बेरीज बघून भागत नाही, हे मला वाटीच्या हिशोबानं कळलं. तीन मुलांना मिळून तीन वाट्या खीर वाढली, असं आपण म्हणतो. पण एकानं दीड वाटी खाल्ली आणि दुसऱ्यानं अर्धीच, तर बेरीज तीनच येते आणि एकाचं पोट बिघडतं. तसंच इथं. म्हणून बॅटरीला जाड लाल-काळ्या तारांखेरीज चार बारीक तारांचं एक पांढरं टोक असतं. ते चार्जरला जोडायचंच, म्हणजे चार्जर प्रत्येक सेल वेगळा पाहतो आणि तिघांना सारखं वाढतो. याला बॅलन्स चार्जिंग म्हणतात. आमचे 'हे' घाई असली की ते टोक जोडायचे नाहीत. हे त्यांनी नंतर कबूल केलं!

किती वेगानं भरायचं, तर बॅटरीवर २२०० एमएएच लिहिलं असेल तर २.२ अँपिअर. साधारण तासाभराचं काम. चार्जरला पाच अँपिअर जमतात म्हणून पाच द्यायचे नाहीत. जोराची आच दिली म्हणून डाळ लवकर शिजते थोडीच, करपते मात्र. आणि चार्जरवर बॅटरीची जात व सेलची संख्या निवडावी लागते. ते बटण घाईत चुकीचं दाबलं गेलं तर अनर्थ होतो, म्हणून आमच्याकडे एकानं दाबायचं आणि दुसऱ्यानं वाचून बघायचं. चुकीच्या निवडीमुळे जादा भरल्या गेलेल्या बॅटऱ्यांनी किती आगी लावल्या असतील, देव जाणे.

रात्री लावून झोपणं कायमचं बंद. गॅसवर दूध ठेवून आपण देवळात जातो का? बॅटरी भरत असेल तोवर कुणीतरी जागं, घरात आणि तिच्या आवाजाच्या टप्प्यात असायला हवं. दिवाणाखालची जागाही बंद. आता मागच्या पडवीत कडाप्प्याचा ओटा आहे, त्यावर मातीची मोठी कुंडी, तिच्यात बॅटरी. आसपास कापड, कागद, रॉकेल, गॅस काहीही नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली. काचतंतूच्या कापडाची खास पिशवी मिळते, तीही घेतली आहे. ती आग अडवेलच असा भरवसा नाही, पण पसरायला वेळ लावते. हवाबंद डब्यात मात्र कधी कोंडू नका, आतला वायू कोंडला की डब्याचाच बॉम्ब होतो.

धूर यायला लागला तर? ती उचलायची नाही. (मी सांगितलं ना, माझं अनुकरण करू नका.) चार्जरचं बटण भिंतीवरून बंद करता आलं तर करायचं, लांबून वाळू ओतता आली तर ओतायची, नाहीतर म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन सरळ बाहेर पडायचं आणि १०१ ला फोन करायचा. तो धूर विषारी असतो. तो छातीत भरून घेऊन वाचवावं असं घरात काही नसतं.

दुसरी गोष्ट ठेवण्याची, आणि ही ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. आपल्याला वाटतं, भरून ठेवलेली बरी, ऐन वेळी उपयोगी पडेल. लोणच्याची बरणी भरून ठेवतो तशी. पण ही पोरगी भरल्या पोटी स्वस्थ बसत नाही. दोन-तीन दिवसांहून जास्त पूर्ण भरलेली राहिली, की आतल्या आत तिची रसायनं बिघडू लागतात, वायू धरतो आणि ती फुगते. रिकामीही ठेवायची नाही, कारण पडल्या पडल्या थोडी उतरतेच आणि ३ व्होल्टच्या खाली गेली की संपलं. ना तुडुंब ना उपाशी, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. बहुतेक चार्जरवर 'स्टोरेज' म्हणून बटण असतं, ते तेवढंच करतं. शनिवारी रात्री भरून ठेवल्या आणि रविवारी पाऊस आला, तर सोमवारी शाळेतून आल्यावर मी त्या पुन्हा स्टोरेजवर आणते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मापते. बोटाएवढं एक मापक मिळतं, पांढऱ्या टोकाला लावलं की एकेका सेलचा आकडा दाखवतं. तीन सेलच्या आकड्यांत फार अंतर दिसायला लागलं, की समजायचं, घरात कुरबुर सुरू झाली.

आणि आमचं सोलापूर! एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तर विचारूच नका. अशा गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत बॅटरी विसरणं म्हणजे... तुम्ही तान्हं मूल विसराल का? आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली नेतो, तशी थर्माकोलच्या खोक्यात सावलीला ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवू का, असं ह्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, माझ्या दह्याच्या शेजारी नाही!

उडवून आल्यावर ती गरम असते. हातात सुखानं धरवत नसेल इतकी गरम असेल, तर मोटार किंवा पंखा तिच्या कुवतीबाहेरचा आहे असं समजावं. अर्धा तास गार होऊ द्यायची आणि मगच पुन्हा भरायची. शेवटच्या थेंबापर्यंत उडवायचंही नाही, पाचातला एक भाग आत शिल्लक ठेवूनच विमान खाली आणायचं. चिरंजीवांच्या रिमोटवर सात मिनिटांचा गजर लावलेला आहे. गजर झाला, की "आई, अजून एकच फेरी" चालत नाही. वादी-प्रतिवादी दोघंही हरतात.

एक गोष्ट मात्र खास आपल्यासाठी. बॅटरी जोडली, की पुढचा पंखा कोणत्याही क्षणी फिरू शकतो. आधी रिमोट सुरू करायचा, मग बॅटरी जोडायची. सोडवताना आधी बॅटरी, मग रिमोट. आणि त्या पंख्याच्या समोर ओढणी, पदर, वेणी काही म्हणता काही जायला नको.

फुगलेली बॅटरी टोचून हवा काढता येते, असं सांगणारे शहाणे भेटतात. टोचली की पेटते. पुरी फुगली तर आनंद, ही फुगली तर तिचा निरोप. दाबायची नाही, विमानात कोंबायची नाही, पुन्हा भरायची नाही. आमची थोरली यंदा जरा पोट सुटल्यासारखी दिसते आहे, तेव्हा तिची पाठवणी जवळ आली. तोही विधी आहे. पूर्वी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा म्हणत. पण त्यानं तारांची टोकं गंजून जातात आणि वीज आतच अडकून राहू शकते. त्यापेक्षा स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब अंगणात तिला जोडायचा आणि लक्ष ठेवून पूर्ण विझेपर्यंत वाट पाहायची. मग तारांच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. घंटागाडीत नाही. गाडीत दाबली गेली तर त्या कचरावेचक बायांच्या हाताशी भडका उडेल. २०२२ सालापासून सरकारनं बॅटरीच्या कचऱ्याचे नियमच केले आहेत. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं ना, ते त्यासाठीच.

विमानप्रवासात (खऱ्या!) सुट्या बॅटऱ्या सामानात द्यायच्या नसतात, टोकं झाकून हातातल्या पिशवीत ठेवायच्या. नणंदेकडे बंगळूरला जाताना एवढं कामाला आलं.

आता माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. तिघींची नावं, खरेदीची तारीख, किती वेळा भरल्या, कधी मार बसला. नावं चिरंजीवांनी पांढऱ्या मार्करनं त्यांच्या अंगावर लिहिली आहेत. 'हे' म्हणतात, एवढी काळजी माझी कधी घेतली नाहीस. मी म्हणते, तुम्ही कुठं पेट घेता! एकदा शाळेत नववीच्या वर्गाला लिथियमची गोष्टही सांगितली. २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीसाठी तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं आणि त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सरळ बसली. विज्ञानाच्या बाई दुसऱ्या दिवशी माझ्याशी जरा तुटकपणे बोलल्या, ते जाऊ दे.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, कुणाच्याही आधी, एक ओळ मी लिहून माझी सही केली आहे. मार बसला तर आधी सांगायचं, सांगणाऱ्याला त्या दिवशी काहीही बोललं जाणार नाही. पैशांचा विषय तर अजिबात नाही. चिरंजीवांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "दुसऱ्या दिवशी?" मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशीही नाही."

मागच्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. बाप-लेक आत आले. पोरानं चपलाही काढल्या नाहीत, अंगणातूनच ओरडला, "आई, बाभळीवर गेलं! धाकटीला मार बसलाय!" माझ्या मनात सगळ्यात आधी दोन हजारच आले, खोटं कशाला सांगू. मी पदर खोचला, वाळूची बादली उचलून पडवीपासून लांब अंगणाच्या मधोमध ठेवली, त्यानं धाकटीला वाळूवर अलगद ठेवलं आणि आम्ही चौघंही दहा हात लांब उंबऱ्यावर बसून राहिलो. पहिला तास मापला, काही नाही. दुसरा तास. सासूबाईंनी शेंगा आणल्या आणि सोलता सोलता विचारलं, "वास येतोय का रे?"